वर्तन सारखे, धोका वेगळा

एड्सवरचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर चार ओळी लिहितो. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि बाधित आईकडून बाळाला. विषाणू शरीरात कसा शिरतो याचे हे उत्तर आहे आणि ते बरोबर आहे. पण वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतो. हे मार्ग सगळ्या जगात सारखेच आहेत, मग एकाच देशातल्या एका समाजात हा रोग जास्त आणि दुसऱ्यात कमी, असे का? पाठात याचे उत्तर सापडत नाही. मग मुले ते स्वतःच तयार करतात. ज्यांच्यात रोग जास्त, ते लोक तसे वागत असतील!

असे उत्तर फक्त मुलेच देतात असे नाही. अमेरिकेत मोठमोठ्या तज्ज्ञांनी आणि सरकारी खात्यांनी कित्येक वर्षे हेच गृहीत धरले, आणि त्यावर आधारलेले कार्यक्रम कृष्णवर्णीय समाजासाठी चालवले. त्याच काळात त्या समाजातल्या माणसांनीही आपल्या वस्तीत, आपल्या चर्चमध्ये, आपल्या माणसांसाठी प्रतिबंधाचे काम उभे केले. 'समाजाने समाजासाठी चालवलेली सेवा' असे या कामाचे नेहमी कौतुक होते. कौतुक योग्यच आहे. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाने कौतुकापाशी थांबू नये. या सेवांनी नेमके काय साधले, ते कशावरून म्हणायचे आणि काय साधले नाही, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

हा समाज मराठी वाचकाला अगदीच परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. त्या मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांची ही गोष्ट आहे.

सुरुवातीपासूनच निसटलेली नोंद

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटी टिपण प्रसिद्ध झाली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांना एक दुर्मीळ प्रकारचा न्यूमोनिया झाला होता. एड्सच्या इतिहासाची सुरुवात याच टिपणापासून मानतात. हे पाचही जण गोरे होते. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. मायकेल गॉटलीब यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले की, यानंतरचे दोन रुग्ण कृष्णवर्णीय होते. टिपण आधीच तयार झाल्यामुळे ते दोघे त्यात आले नाहीत. यात कुणाचा कट नव्हता. पण 'गोऱ्या समलिंगी पुरुषांचा रोग' हे चित्र लोकांच्या मनात बसले ते बसलेच.

आकडे वेगळेच सांगत होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये याच साप्ताहिकाने जाहीर केले की, नोंदवलेल्या एड्सच्या रुग्णांपैकी २५ टक्के कृष्णवर्णीय आहेत. त्या वेळी लोकसंख्येत त्यांचे प्रमाण होते १२ टक्के. पुढे ही दरी बुजली नाही, वाढली. २०२१ साली एच.आय.व्ही.ची जी नवी निदाने झाली, त्यांतली सुमारे ४० टक्के कृष्णवर्णीयांची होती. २०१६ मध्ये रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी एक हिशेब मांडला. तेव्हाचे लागणीचे दर तसेच राहिले, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी दोघांत एकाला आयुष्यात कधी ना कधी एच.आय.व्ही.ची लागण होईल. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण अकरांत एक होते.

दोघांत एक! असा आकडा ऐकला की मन लगेच कारण शोधू लागते. रक्तात काही वेगळे असेल का? की वागणुकीत? आपण दुसरी शंका आधी तपासू, कारण तिच्यावरच सारा कार्यक्रम उभा होता.

वर्गात करण्याजोगा हिशेब

दोन डबे घ्या. प्रत्येकात शंभर मणी ठेवा. पहिल्या डब्यात ९९ पांढरे आणि १ लाल. दुसऱ्यात ९० पांढरे आणि १० लाल. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता एक मणी काढायचा, रंग लिहून ठेवायचा, मणी परत टाकायचा, डबा हलवायचा आणि असे पाच वेळा करायचे. पाचांत एकदा तरी लाल मणी किती जणांना मिळाला ते मोजायचे.

तीस मुलांच्या वर्गात पहिल्या डब्यापाशी एक-दोघांनाच लाल मणी मिळेल. दुसऱ्या डब्यापाशी मात्र बारा-एक जणांना तो मिळेल. गणिताने हे पडताळता येते. पहिल्या डब्यातून पाचही वेळा पांढरा मणी येण्याची शक्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.९५. म्हणून एकदा तरी लाल येण्याची शक्यता ५ टक्के. दुसऱ्या डब्यासाठी ०.९ चा पाचवा घात काढावा लागतो. तो येतो ०.५९. म्हणून लाल येण्याची शक्यता ४१ टक्के.

मुलांचे वागणे दोन्हीकडे सारखेच होते. प्रत्येकाने पाचच मणी काढले. तरी धोक्यात आठपट फरक पडला. आता दुसऱ्या डब्यापाशी उभ्या असलेल्या मुलांना आपण उपदेश करू, 'बाळांनो, संयम ठेवा, पाच नको, एकच मणी काढा.' त्यांनी तो शंभर टक्के पाळला. तरीही लाल मणी येण्याची शक्यता १० टक्के राहते. पहिल्या डब्यातून बिनधास्त पाच मणी काढणाऱ्यापेक्षा ती दुप्पट आहे.

डबा म्हणजे माणसाचा समाज, मणी म्हणजे जोडीदार. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्षातले नाहीत. बाधित जोडीदार भेटला म्हणजे लागण होतेच असेही नाही. पण गणिताचा गाभा खरा आहे. माणसाचा धोका तो कसा वागतो यावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो कोणत्या डब्यापाशी उभा आहे यावरही असतो.

हे प्रत्यक्षात खरे ठरले का? ग्रेगोरियो मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तोवरचे सारे अभ्यास एकत्र करून पाहिले. २०१२ मध्ये त्यांनी कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे आणखी मोठे संकलन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा की, पुरुषांशी संबंध ठेवणारे कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांपेक्षा अधिक धोक्याचे वागत नाहीत. काही बाबतींत ते अधिकच सावध असतात. त्यांच्यात जोडीदारांची संख्या जास्त नव्हती, नशेच्या पदार्थांचा वापरही जास्त नव्हता. फरक होता तो उत्पन्नात, आरोग्यविम्यात, तुरुंगवासात आणि उपचार मिळण्यात. अमेरिकेत वस्त्या वर्णानुसार विभागलेल्या आहेत आणि जोडीदारही बहुधा आपल्याच समाजात निवडला जातो. त्यामुळे एकदा डब्यात लाल मणी वाढले की सावध माणसालाही ते भेटत राहतात.

स्त्रियांच्या बाबतीत डॉ. अडाओरा अडिमोरा यांनी नॉर्थ कॅरोलायनात केलेले काम महत्त्वाचे आहे. कृष्णवर्णीय पुरुष फार मोठ्या प्रमाणावर तुरुंगात जातात. त्यामुळे वस्तीत पुरुषांची संख्या घटते, चालू संबंध तुटतात आणि निरोध वापरण्याचा आग्रह धरण्याची स्त्रीची ताकद कमी होते. ज्या गोष्टीला आपण 'वैयक्तिक वर्तन' म्हणतो, तिच्या मागे तुरुंगाचे धोरण उभे असते, हे त्यांनी दाखवून दिले.

समाजाने उभे केलेले काम

आता सेवांकडे वळू. सरकार जागे होण्याआधी काही माणसे कामाला लागली होती. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये धर्मगुरू कार्ल बीन यांनी 'मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट' सुरू केला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पर्नेसा सील या प्रतिकारशक्तिशास्त्राच्या अभ्यासक होत्या. १९८९ साली त्यांनी तिथल्या चर्चना आणि इतर प्रार्थनास्थळांना एकत्र आणून एड्ससाठी प्रार्थना-सप्ताह घडवला. त्यातूनच 'बाम इन गिलियड' ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी अटलांटामध्ये डेझॉन डिक्सन डियालो यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी 'सिस्टरलव्ह' स्थापन केली. १९९९ साली फिल विल्सन यांनी 'ब्लॅक एड्स इन्स्टिट्यूट' काढली. कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींच्या रेट्यामुळे १९९९ च्या अर्थसंकल्पात अल्पसंख्य समाजांतील एड्सच्या कामासाठी १५.६ कोटी डॉलर वेगळे काढण्यात आले.

या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. आजाऱ्याला जेवण पोचवणे, ज्याला घरच्यांनी टाकले त्याच्या उशाशी बसणे, तपासणीला सोबत जाणे, हे त्यांनीच केले. चर्चबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. समाज म्हणजे एकजीव, एकमताचा गोळा नसतो. ज्या चर्चने एका घराला आधार दिला, तशाच दुसऱ्या चर्चच्या व्यासपीठावरून समलिंगी माणसाला पापी ठरवले गेले. 'समाजाच्या हाती काम द्या' म्हणताना समाजातल्या कोणाच्या हाती, हे विचारावेच लागते. सील यांचे खरे धैर्य याच ठिकाणी होते. त्यांनी चर्चला बाजूला सारले नाही आणि चर्चला गप्पही बसू दिले नाही.

पुरावा किती पक्का?

पुढे सरकारने अशा कामांतून 'सिद्ध झालेले' कार्यक्रम निवडून देशभर नेले. त्यांपैकी एकाचा पाया १९९५ साली रचला गेला. राल्फ डिक्लेमेंटी आणि जीना विनगुड यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेव्ह्यू-हंटर्स पॉइंट या कृष्णवर्णीय वस्तीत १२८ तरुण स्त्रियांवर हा प्रयोग केला. स्त्रियांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने पाडले. एका गटाला पाच बैठका मिळाल्या. त्या कृष्णवर्णीय स्त्रीनेच चालवल्या. त्यांत स्वाभिमान, जोडीदाराशी बोलणे, निरोध वापरणे या गोष्टींचा सराव होता. तीन महिन्यांनी या गटात निरोधाचा नियमित वापर जास्त आढळला. पुढे 'सिस्टा' या नावाने हा कार्यक्रम गाजला.

प्रयोगाची रचना चांगली होती. तुलनागट होता, गट यदृच्छेने पाडलेले होते. पण मोजले काय? स्त्रियांनी स्वतः सांगितलेला निरोधाचा वापर, आणि तोही तीन महिन्यांचा. लागण कमी झाली का, हे १२८ जणींच्या अभ्यासात कळणे शक्यच नव्हते. हा संशोधकांचा दोष नाही. दोष आहे तो 'वर्तन बदलले' या निष्कर्षावरून 'रोग आटोक्यात येईल' अशी उडी मारणाऱ्यांचा. वर्तन बदलले तरी डबा तोच होता.

दुसरे उदाहरण लोकप्रिय माणसांच्या पद्धतीचे. १९९१ साली जेफ्री केली यांनी दक्षिणेतल्या छोट्या शहरांत ही पद्धत वापरून पाहिली. बारमध्ये ज्यांचे चारजण ऐकतात अशांना हेरायचे, त्यांना शिकवायचे आणि त्यांनी गप्पांच्या ओघात मित्रांना सुरक्षित संबंधांचे महत्त्व सांगायचे. आपल्याकडे एखादी नवी गोष्ट गावात रुजवायची तर चावडीवरच्या चार वजनदार माणसांना आधी पटवतात, तसेच हे. नॉर्थ कॅरोलायनातल्या तीन शहरांत कृष्णवर्णीय पुरुषांसाठी ही पद्धत बदलून घेतली. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाले. वर्षभरात असुरक्षित संबंध बरेच कमी झाले होते. मात्र तुलनेसाठी दुसरी शहरे घेतलेली नव्हती. आधी आणि नंतर एवढीच मोजणी होती.

तुलनागट नसला तर काय बिघडते? याचे उत्तर २०१० साली मिळाले आणि त्यात आपल्या देशाचाही वाटा होता. हीच पद्धत चीन, भारत, पेरू, रशिया आणि झिंबाब्वे अशा पाच देशांत मोठ्या प्रयोगात तपासली गेली. भारतातले ठिकाण होते चेन्नई, आणि तिथे दारूच्या दुकानांभोवती जमणाऱ्या लोकांत काम झाले. या वेळी तुलनागट होते. जिथे लोकप्रिय माणसांनी प्रचार केला तिथे धोक्याचे वर्तन कमी झाले. जिथे प्रचार झाला नाही, पण तपासणी, सल्ला आणि गुप्तरोगांवर उपचार मिळाले, तिथेही ते जवळपास तितकेच कमी झाले! म्हणजे तुलनागट नसता तर सगळे श्रेय प्रचाराला गेले असते. ज्या गोष्टीकडे कुणाचे लक्ष नव्हते, त्या साध्या तपासणी-उपचारांनीच बरेचसे काम केले असावे.

विज्ञानाच्या वर्गात आपण 'नियंत्रित प्रयोग' शिकवतो तो बीज उगवण्याच्या उदाहरणाने. एक कुंडी उजेडात, एक अंधारात. हे उदाहरण त्याच पाठात सांगण्यासारखे आहे.

अविश्वासाचे सोपे कारण

कृष्णवर्णीयांमध्ये सेवा का पोचत नाहीत, असे विचारले की एक उत्तर लगेच येते. टस्कीगी! १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामा राज्यात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण केले. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना तो रोग असल्याचे सांगितले नाही. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे रूढ औषध झाले, तेही त्यांना दिले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघड केले. १६ मे १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

हा इतिहास प्रत्येक विज्ञानशिक्षकाला माहीत हवा. पण तो कसा वापरला जातो याकडेही पाहायला हवे. 'त्यांचा विश्वासच नाही, मग आम्ही काय करणार?' असे म्हटले की जबाबदारी पुन्हा त्याच समाजावर येते. 'ते तसे वागतात' याच्या जागी 'ते तसा विचार करतात' एवढाच बदल होतो. वास्तविक २००६ साली डेव्हिड वेंडलर आणि सहकाऱ्यांनी वीस आरोग्य-अभ्यासांतले सत्तर हजारांहून अधिक लोकांचे निर्णय तपासले. अभ्यासात भाग घ्याल का, असे विचारल्यावर होकार देण्याचे प्रमाण अल्पसंख्यांत आणि गोऱ्यांत जवळजवळ सारखेच निघाले. बहुतेक वेळा अडचण नकाराची नसते, कुणी विचारतच नाही ही असते.

प्रतिबंधक गोळीचे उदाहरण घ्या. लागण नसलेल्या माणसाने रोज एक गोळी घेतली तर एच.आय.व्ही.पासून उत्तम संरक्षण मिळते. अमेरिकेत तिला जुलै २०१२ मध्ये मान्यता मिळाली. २०१८ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने हिशेब दिला. ज्यांना या गोळीचा उपयोग होईल असे सुमारे पाच लाख कृष्णवर्णीय देशात होते. २०१५-१६ च्या एका वर्षात औषधदुकानांतून ती मिळाली सुमारे सात हजार जणांना. शंभरांत दीडही नाही. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण शंभरांत चौदा होते. डॉक्टरची चिठ्ठी, विमा, दर तीन महिन्यांची तपासणी, या साऱ्या पायऱ्या चढाव्या तेव्हा ती गोळी हातात पडते. गरिबांच्या सरकारी विम्याचा विस्तार दहा राज्यांनी २०२५ पर्यंतही केला नव्हता. त्यांतली बहुतेक दक्षिणेतली, जिथे कृष्णवर्णीयांची संख्या मोठी आहे आणि लागणही जास्त आहे.

जिथे काम साधले

मग काहीच जमले नाही का? तसे मुळीच नाही. तीन उदाहरणे आम्हाला महत्त्वाची वाटतात.

पहिले उदाहरण एड्सचे नाही, रक्तदाबाचे आहे. लॉस एंजेलिसमधली ५२ केशकर्तनालये आणि त्यांचे ३१९ कृष्णवर्णीय गिऱ्हाईक यांच्यावर झालेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या दुकानांत न्हाव्याने गिऱ्हाइकांना डॉक्टरकडे जायला सांगितले. उरलेल्यांत औषधतज्ज्ञ स्वतः दुकानात आला आणि त्याने तिथेच औषध सुरू केले. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सुमारे ९ एककांनी उतरला, दुसऱ्याचा २७ एककांनी. ओळखीची जागा आणि विश्वासाचा माणूस दोन्हीकडे होता. मोठा फरक पडला तो औषध त्या जागेपर्यंत आल्यामुळे. एच.आय.व्ही.साठी हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. रक्तदाबाबद्दल दुकानात मोठ्याने बोलता येते, एच.आय.व्ही.बद्दल नाही. ओळखीची जागा हीच तिथे अडचण होऊ शकते.

दुसरे उदाहरण वॉशिंग्टन शहराचे. तिथल्या बाधितांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया देण्यासाठी शहराने स्वतःचा पैसाही वापरू नये, अशी बंदी अमेरिकेच्या संसदेने १९९८ मध्ये घातली. 'प्रिव्हेन्शनवर्क्स' ही संस्था तेव्हा खासगी देणग्यांवर गाडीतून सुया वाटत राहिली. डिसेंबर २००७ मध्ये बंदी उठली. मोनिका रुईझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार, पुढच्या दोन वर्षांत सुईमुळे होणाऱ्या सुमारे १२० लागणी टळल्या. हा हिशेब आधीच्या कलावरून काढलेला आहे. त्याच काळात शहरात तपासण्याही वाढल्या होत्या, म्हणून श्रेय थोडे जपून द्यावे. तरी दिशा स्पष्ट आहे. कार्यकर्ते तेच आणि वस्तीही तीच, बदलला तो कायदा. आणि वाईट गोष्ट ही की, बंदीच्या काळात तग धरलेली ती संस्था २०११ साली पैशाअभावी बंद पडली.

तिसरे उदाहरण गोळीचेच. लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन आणि चॅपेल हिल येथे कृष्णवर्णीय संशोधकांच्या पुढाकाराने २२६ कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास झाला. गोळी मोफत होती. शिवाय प्रत्येकाच्या जोडीला एक समन्वयक होता. घर, नोकरी, विमा, मनाची चिंता, जी अडचण असेल ती सोडवायला तो मदत करी. गोळी घ्यायचीच अशी सक्ती नव्हती. तरी ७९ टक्के लोकांनी ती सुरू केली. हे स्वेच्छेने आलेले लोक होते आणि तुलनागट नव्हता, त्यामुळे या ७९ ची त्या दीडशी थेट बरोबरी करू नये. पण 'त्यांना नकोच असते' हे म्हणणे यापुढे टिकत नाही.

आमचे मत

या साऱ्यातून आम्हाला दिसते ते असे. समाजाने चालवलेली सेवा दार उघडू शकते. दारातून आत न्यायला हातात काही असावे लागते. औषध, तपासणी, स्वच्छ सुई, विमा. ज्या काळात हातात फक्त उपदेश दिला गेला, त्या काळात कार्यकर्त्यांनी तो प्रामाणिकपणे पोचवला आणि आकडे हलले नाहीत तेव्हा दोषही त्यांच्याच माथी आला. आमची मुख्य तक्रार ही आहे. काम समाजावर सोपवले, पण कामाची साधने आणि निर्णयाचा अधिकार सोपवला नाही.

आता पुन्हा त्या डब्याकडे या. दुसऱ्या डब्यात दहा लाल मणी होते. ज्याला लागण झाली आहे त्याला नियमित औषध मिळाले आणि त्याच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका घटला, तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. २०११ साली एका मोठ्या प्रयोगात लवकर उपचारांमुळे जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढच्या अभ्यासांनी ते आणखी पक्के केले. समजा दहांपैकी आठ जणांना असा उपचार मिळाला. मग डब्यात धोक्याचे मणी दोनच उरतात. पाच मणी काढणाऱ्याची शक्यता ४१ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या खाली येते. त्याने वागणे तिळभरही बदललेले नाही. बदलला आहे तो डबा.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत वर्षातून दोनदाच घ्यायच्या प्रतिबंधक इंजेक्शनाला मान्यता मिळाली. रोजच्या गोळीची कटकट त्याने संपते. त्याची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक ठेवण्यात आली. त्याच वर्षी तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्यात मोठी नोकरकपात झाली आणि तिची झळ एच.आय.व्ही. प्रतिबंधाच्या विभागालाही लागली. औषध जितके चांगले, तितकी दरी रुंद होण्याची भीती. ते ज्याच्या हाती पडेल तो वाचेल, आणि पडणार कुणाच्या हाती, हे औषधाच्या रेणूवरून ठरत नाही.

आपल्या वर्गात याचा उपयोग काय? आपल्याकडेही 'अतिजोखमीचे गट' हा शब्द रुळला आहे. तो सोयीचा आहे, पण ऐकणाऱ्याला वाटते की जोखीम त्या माणसांच्या अंगात आहे. मुलांना हे शब्द शिकवताना सोबत दोन डबे जरूर ठेवावेत. 'कुणाला होतो?' या प्रश्नानंतर 'तो कुठल्या डब्यापाशी उभा आहे आणि डबा कुणी भरला?' हा प्रश्न मुलांनीच विचारला पाहिजे. क्षयरोगाच्या धड्यात, हिवतापाच्या धड्यात, दूषित पाण्याच्या धड्यातही तो विचारता येतो. पाण्यातून होणाऱ्या रोगासाठी 'हात धुवा' हे सांगणे योग्यच आहे. मात्र नळाला पाणी येते का, हेही त्याच तासाला विचारायला हवे.